कात्री लावण्याआधी

अंगणातली शाळा



आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. समजा, तुमच्या अंगणात कडुनिंबाचं एक लहान झाड आहे. जमिनीपासून बरोबर ४ फुटांवर त्याला एक फांदी फुटलीय. झाड दरवर्षी २ फूट उंच वाढतं. तुम्ही आता पाचवीत आहात. तर तुम्ही दहावीत जाल, तेव्हा ती फांदी जमिनीपासून किती उंच असेल?

काय म्हणालात? १४ फूट? ५ गुणिले २, अधिक आधीचे ४? गणित अगदी बरोबर, पण उत्तर साफ चूक! ती फांदी तेव्हाही ४ फुटांवरच असेल. फरक एवढाच, की आज ती तुमच्या करंगळीएवढी आहे, तेव्हा दंडाएवढी झालेली असेल.

आपण वाढतो ते सगळ्या अंगानं. हात लांबतात, पाय लांबतात, गेल्या वर्षीची पॅन्ट तोकडी होते. झाडाचं तसं नाही. त्याचं खोड जाड होतं, पण उंची वाढते ती फक्त शेंड्याकडून. खोडाचा जो भाग आज जिथं आहे, तिथंच तो जन्मभर राहणार. विश्वास बसत नसेल तर खोडावर गेरूची एक रेघ ओढा, जमिनीपासूनचं अंतर पट्टीनं मोजून वहीत तारखेसह लिहून ठेवा आणि दरवर्षी वाढदिवसाला पुन्हा मोजा. (खिळा मात्र ठोकायचा नाही हं!)

आता गंमत बघा. फाटकाच्या वाटेत आलेली फांदी पाहून मोठी माणसं म्हणतात, "राहू दे, झाड मोठं झालं की ती आपोआप वर जाईल." ती काही वर जात नाही. मग एक दिवस कुणाच्या तरी डोक्याला लागते आणि घरात कुऱ्हाड शोधली जाते. जे काम कात्रीच्या एका चिमट्यात झालं असतं, त्याला आता करवत लागते, आणि झाडाला ताटाएवढी जखम होते.

छाटणीचा पहिला धडा हाच. फांदी लहान असतानाच ठरवा, ती हवी की नको.

शेंडा म्हणजे घरातला दादा

आपल्या वऱ्हाडात तूर कोण ओळखत नाही? शेतात आजोबा असतील तर त्यांना विचारा. पेरणीनंतर साधारण दीड महिन्यानं बरेच शेतकरी तुरीचे शेंडे खुडतात. चांगलं वाढणारं झाड, त्याचं डोकंच का उडवायचं? कारण शेंडा खुडला की बाजूनं फांद्या फुटतात. फांद्या जास्त म्हणजे फुलं जास्त, आणि फुलं जास्त म्हणजे शेंगाही जास्त.

यामागची गोष्ट मजेदार आहे. प्रत्येक पानाच्या बगलेत एक बारीक कळी झोपलेली असते. माळीकाका तिला 'डोळा' म्हणतात. वरचा शेंडा तिला उठू देत नाही. घरात दादा जसा "मी आहे ना, तू गप्प बस" म्हणतो, तसाच! हा शेंडा हुकूम पाठवतो तरी कसा? १९२० च्या दशकात हॉलंडमध्ये फ्रिट्स वेंट नावाच्या तरुण शास्त्रज्ञानं ओटच्या कोवळ्या कोंबांचे शेंडे कापले आणि ते अगरच्या, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाच्या तुकड्यावर ठेवले. मग शेंडे बाजूला केले आणि अगरचा नुसता तुकडा शेंडा कापलेल्या कोंबावर एका बाजूला बसवला. कोंब वाढला आणि चक्क वाकला! म्हणजे शेंड्यातून काहीतरी त्या तुकड्यात उतरलं होतं. त्या रसायनाला नाव मिळालं ऑक्झिन. हेच ऑक्झिन शेंड्यातून खाली येतं आणि बाजूच्या कळ्यांना झोपवून ठेवतं. शिवाय झाडातली बरीचशी साखरही शेंडाच पटकावतो, हे आता कळलंय. शेंडा गेला की हुकूम थांबतो, साखर मोकळी होते आणि झोपलेल्या कळ्या जाग्या होतात.

चहाची गोष्टही अशीच. चहाचं झुडूप मोकळं सोडलं तर त्याचं चांगलं उंच झाड होतं. आसामच्या मळ्यांत ते कमरेएवढं राहतं ते केवळ छाटणीमुळे. आणि नाशिककडचे द्राक्षवाले तर वेल वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलमध्ये 'खरड छाटणी' आणि ऑक्टोबरच्या सुमारास 'गोडी छाटणी'. नावच किती गोड, नाही का?

करून पाहा: दोन कुंड्यांत तुळशीची सारखी दोन रोपं लावा. वीतभर झाली की एकीचा शेंडा नखानं खुडा, दुसरीला हात लावू नका. महिन्याभरानं दोघींच्या फांद्या मोजा. आजी तुळशीच्या मंजिऱ्या का खुडते, त्याचं उत्तरही तुम्हाला तिथंच मिळेल.

झाडाची जखम भरत नाही!

तुमचा गुडघा फुटला तर काय होतं? खपली धरते, आठ-दहा दिवसांत ती पडते आणि खाली नवी कातडी येते. शरीर जुन्या पेशी काढून त्या जागी नव्या बसवतं. झाडाला हे जमत नाही. कापलेलं लाकूड ते दुरुस्त करत नाही. मग ते करतं काय? भिंत बांधतं!

अमेरिकेच्या वनखात्यात अ‍ॅलेक्स शायगो नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी हजारो झाडं उभी चिरून पाहिली. तोपर्यंत लोक खोड आडवं कापून त्याची वर्तुळं मोजत. शायगोंनी करवतीनं खोड उभं उघडलं, आणि जुन्या जखमांचा सगळा इतिहासच समोर आला. १९७७ साली त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. जखम झाली की झाड तिच्याभोवती आतून भिंती उभारतं आणि कुज त्या कोठडीत कोंडून टाकतं. बाहेरून नवं लाकूड वाढवून जखम झाकतं. आतली जखम मात्र झाड असेपर्यंत तशीच राहते.

म्हणजे बघा, आज तुम्ही केलेला प्रत्येक काप झाडाच्या पोटात कायमचा नोंदला जाणार. परीक्षेत खोडरबर चालतं, इथं चालत नाही.

मग ही भिंत झाडाला नीट बांधता यावी, म्हणून आपण काय करायचं? काप योग्य जागी घ्यायचा. ती जागा झाड स्वतःच दाखवतं. कुठल्याही झाडाजवळ जा. फांदी जिथं खोडाला मिळते, तिथं तिच्या बुडाशी थोडी फुगीर, सुरकुतलेली कडी दिसेल. शर्टाच्या कॉलरसारखी! तिला कॉलरच म्हणू या. भिंत बांधणारा माल या कॉलरमध्ये असतो. म्हणून काप कॉलरच्या अगदी बाहेरून घ्यायचा. कॉलरसकट फांदी खोडाला घासून काढली तर गवंडीच गेला. आणि कॉलरपुढे वीतभर खुंटी ठेवली तर ती वाळते, कुजते आणि कुज हळूहळू आत घेऊन जाते. शर्ट टांगायला खुंटी भिंतीवर असू द्या, झाडावर नको.

नीट काप घेतला असेल तर वर्षभरात त्याच्याभोवती सालीची गोल वळी येते, अगदी मेदूवड्यासारखी. खुंटी ठेवलेली असेल तर ती तशीच काळी पडलेली दिसते. शाळेच्या वाटेवर जाता-येता बघा, कुठल्या झाडाला वडा आहे आणि कुठल्याला खुंटी!

"पण जखमेला डांबर नाही का लावायचं?" असं कुणी विचारेल. ऑइलपेंट किंवा डांबर लावल्यानं कुज थांबत नाही, हेही शायगोंनीच दाखवलं. संत्रा, मोसंबी, लिंबाची गोष्ट मात्र वेगळी. वरूड-मोर्शीकडचे संत्रावाले बुंध्याला निळसर मलम लावतात, ते तुम्ही पाहिलं असेल. तो बोर्डो मलम. १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी. हा लावायचा तो डिंक्या रोगाच्या बुरशीला अडवण्यासाठी, आणि मोठ्या माणसांनीच लावायचा. याच संत्र्याच्या बागेत वाळलेल्या फांद्या काढण्याला 'सल काढणं' म्हणतात. सल म्हणजे टोचत राहणारी वेदना. किती नेमका शब्द आहे, नाही?

छाटणी वेगळी, मुंडण वेगळं

आता मुद्द्याची गोष्ट. उन्हाळ्याच्या तोंडाशी किंवा पावसाळ्याआधी आपल्या गल्लीत एक दृश्य दिसतं. घरासमोरचा हिरवागार निंब सकाळी असतो, आणि संध्याकाळी तिथं नुसता खांब उभा असतो. वर चार ठुंठं. विचारलं तर उत्तर मिळतं, "छाटणी केली. पानांचा कचरा फार व्हायचा. आणि आता कसा जोमानं फुटेल बघा!"

फुटतो, खरंय. महिन्याभरात त्या ठुंठांवर झुपकेच्या झुपके येतात. लोकांना वाटतं झाड खूश झालं. खरं तर झाड घाबरलेलं असतं! पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. सगळी स्वयंपाकघरं एका दिवसात गेली, तर झाड साठवणीतलं धान्य काढतं आणि घाईघाईनं जमतील तिथं नवी चूल मांडतं. जुनी फांदी खोडाच्या आतपर्यंत रुजलेली असते. या नव्या फांद्या मात्र वरवर, सालीच्या कडेला चिकटलेल्या. खाली कापलेलं लाकूड कुजत असतं आणि वर या फांद्या जाड होत जातात. मग चार-पाच वर्षांनी जूनमधलं एखादं वादळ येतं, आणि त्याच फांद्या मोटारीवर, तारेवर, छपरावर पडतात. म्हणजे झाड धोकादायक होऊ नये म्हणून केलेलं मुंडणच त्याला धोकादायक करतं.

आणि आपलं अकोला! मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढं जातो. वर्षानुवर्षं पानांच्या सावलीत वाढलेली साल एकदम त्या उन्हात उघडी पडली तर ती भाजते आणि फाटते. फटीतून किडा शिरतो. झाडाचं सोडा, आपलं काय? रिक्षावाले दुपारी कुठं थांबतात, भाजीवाल्या मावशी कुठं बसतात, गाय कुठं उभी राहते, ते एकदा नीट पाहा. निंबाखालीच ना? ती सावली तयार व्हायला वीस-पंचवीस वर्षं लागलेली असतात आणि काढायला एक सकाळ पुरते. पानांचा कचरा झाडूनं निघतो. सावली दुकानातून आणता येत नाही.

म्हणून हिशेब लक्षात ठेवा. एका वर्षात झाडाच्या हिरव्या पसाऱ्यापैकी चौथ्या हिश्शापेक्षा जास्त कधीच काढायचं नाही. म्हातारं झाड असेल तर त्याहून कितीतरी कमी. आधी वाळलेलं, मोडलेलं, रोगट. मग एकमेकांवर घासणाऱ्या दोघींपैकी एक. एवढं झालं की थांबायचं, पाच पावलं मागं जायचं आणि पाहायचं. बहुतेक वेळा तेवढ्यानंच भागतं.

कुणाची पाळी कधी?

सगळ्यांना एकाच दिवशी न्हाव्याकडे नेता येत नाही. प्रत्येकाची वेळ वेगळी, आणि ती ठरते एका प्रश्नावर. फूल कुठं येतं, नव्या फुटीवर की जुन्या फांदीच्या टोकाला?

मोगरा: नव्या फुटीवर फुलतो. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत छाटला की उन्हाळ्यात ओंजळभर फुलं. सध्या थंडीच आहे, तेव्हा याच रविवारी बघा.

गुलाब: पाऊस संपला की ऑक्टोबरमध्ये. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरका काप. बाहेरचा डोळा का? म्हणजे नवी फांदी बाहेर जाते आणि झाडाच्या पोटात हवा खेळते.

आंबा: मोहोर येतो तयार फांद्यांच्या टोकांना. डिसेंबरात टोकं कापलीत तर मोहोरच कापला! त्याची छाटणी फळं उतरल्यावर.

बोर: ही आपली उलटी मंडळी. संक्रांतीत बोरन्हाणाला बोरं देते आणि उन्हाळ्यात पानं टाकून विश्रांती घेते. तिची छाटणी एप्रिल-मेमध्ये, आणि तीही चांगली सडकून. कारण बोरं येतात ती त्या वर्षीच्या नव्या फांद्यांवर. बोरीला मानवतं म्हणून निंबाला मानवेल असं नाही बरं का!

निंबासारखी मोठी झाडं: जी फांदी काढणं भागच आहे, ती थंडीत, नवी पालवी यायच्या आधी. वाळलेली, मोडून लोंबणारी फांदी मात्र कधीही काढावी.

कलमी झाडं: संत्र्याच्या, गुलाबाच्या कलमाचा जोड शोधा. जोडाच्या खालून जी फूट येते ती संत्र्याची नसते, खालच्या जंबेरीची असते. काटेरी आणि जोमदार! ती ठेवलीत तर काही वर्षांनी संत्र्याऐवजी आंबट जंबेरीच खाल. ती फूट कोवळी असतानाच काढा.

पालकांनो, फळझाडांबद्दल शंका असेल तर आपल्या गावातच डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, २० ऑक्टोबर १९६९ पासून. तिथल्या शिवार फेरीला शेतकरी लांबून येतात. आपण तर गावातलेच. मुलांना घेऊन एकदा जरूर जा.

तुमचं काम, मोठ्यांचं काम

आता नीट ऐका. ज्या फांद्या तुमच्या करंगळीहून बारीक आहेत आणि जमिनीवर उभं राहून तुमच्या खांद्यापर्यंत येतात, तेवढ्याच तुमच्या. त्याही आईबाबांना सांगून. झाडावर चढून, शिडीवर उभं राहून काहीही कापायचं नाही. विजेची तार जवळून जात असेल तर त्या झाडाला कुणीच हात लावायचा नाही, बाबांनीही नाही. ते काम वीज कंपनीच्या माणसांचं. कण्हेर कापली तर तिचा चीक विषारी असतो. हात साबणानं धुवा, तिच्या काड्या चुलीत किंवा शेकोटीत घालू नका.

जाड फांदी मोठ्यांनी तीन कापांत काढायची. पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर, खालच्या बाजूनं, थोडाच. दुसरा त्याच्या जरा पुढं, वरून आरपार. फांदी पडली, वजन गेलं. मग तिसरा काप कॉलरबाहेर. पहिला काप कशाला? तो नसेल तर पडताना फांदी खोडाची साल हातभर सोलून नेते. केळ्याची साल ओढून पाहा, कळेल. एका झाडाचा रोग दुसऱ्याला जाऊ नये म्हणून मध्ये कात्री स्पिरिटनं पुसा.

चार प्रश्न

छाटणीचं काम मोठ्यांचं असलं तरी प्रश्न विचारणं तुमचं आहे. घरी किंवा गल्लीत कुऱ्हाड घेऊन कुणी आलं की हे चार प्रश्न विचारा. अगदी नम्रपणे, "काका, एक विचारू?" असं म्हणून.

१. ही फांदी का काढायची? (कारण एका वाक्यात सांगता आलं नाही तर फांदी राहू द्यावी.)

२. वर घरटं आहे का? (उन्हाळ्यात कावळ्यांची घरटी असतात. पिल्लं उडेपर्यंत थांबता येतं.)

३. काप कॉलरबाहेरून घेणार ना?

४. परवानगी घेतली का? (महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी १९७५ सालचा कायदा आहे. झाड आपल्याच अंगणातलं असलं तरी ते तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. जाळणं, कापणं, कुठल्याही प्रकारे इजा करणं, हे सगळं 'तोडण्यात'च धरलेलं आहे. म्हणून मोठ्या फांद्यांना हात लावण्याआधी महानगरपालिकेत विचारलेलं बरं.)

काही जण म्हणतील, "लहान तोंडी मोठा घास!" म्हणू द्यात. ते झाड तुमच्यापेक्षा वयानं मोठं आहे, पण त्याला तोंड नाही. तुम्हाला आहे.

आणि हो, आज सुरुवात कोड्यानं झाली, तर शेवटही कोड्यानंच. असं कोणतं झाड आहे, ज्याचा शेंडा एकदाच कापला तरी ते कायमचं मरतं? बाजूची एकही कळी त्याच्या मदतीला येत नाही. अकोल्यात फार नाही, पण देवघरात त्याचं फळ नेहमी असतं. ओळखा पाहू! मग ते तसं का होतं, हे 'दादा' आणि झोपलेल्या कळ्यांची गोष्ट आठवून स्वतःच शोधा.

(उत्तर: नारळ. त्याला वाढणारा शेंडा एकच असतो, आणि बगलेत झोपलेल्या कळ्या फांद्या होत नाहीत, त्यांना फक्त फुलं येतात. दादा गेला की घर सांभाळायला मागं कुणी नाही.)

पुढच्या आठवड्यात छाटलेल्या काड्यांचं आणि पानांचं काय करायचं, ते पाहू. तोवर एकही पान जाळायचं नाही. कोपऱ्यात ढीग करून ठेवा!